भुंग्याची नऊ गाणी

कान तपासायला आलेल्या छापखानेवाल्याने कानातले इअरफोन काढून तिच्या टेबलावर ठेवले आणि त्यांतून तिचा स्वतःचा आवाज आला. "अरे बंद कर ना ते! आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा." डास गुणगुणावा एवढा बारीक आवाज, पण तिचाच. मग दार आपटल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग कुणीतरी गिटारची एकच तार भीत भीत छेडली. तेवढ्यात त्या माणसाने फोनवर बोट टेकवून ते बंद केलं. "सॉरी हं. कुठे बसू?" तिने सवयीने काचेच्या खिडकीच्या बूथकडे हात केला. वीस वर्षं ती लोकांचे कान तपासत होती. रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज माणसाला परका वाटतो, हे ती पहिल्यांदा यंत्र लावणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायची. त्यामुळे आवाजाबद्दल एक वेळ तिची फसगत झाली असती. शब्दांबद्दल होणं शक्य नव्हतं. ते शब्द तिनेच उच्चारले होते, बारा वर्षांपूर्वी, मागच्या खोलीच्या दारात उभं राहून, पर्स अजून खांद्यालाच असताना.

बूथचं जाड दार लावून ती आपल्या खुर्चीत बसली. काचेपलीकडे तो माणूस कानांवर मोठे हेडफोन चढवून, हातात बटण धरून, परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता. अशी माणसं तिला ओळखू यायची. पन्नाशीच्या अलीकडचे, बायकोने पाठवलेले, 'मला ऐकू येतं, हिला हळू बोलायची सवय आहे' असं म्हणणारे. तिने उजव्या कानापासून सुरुवात केली. सूर दिला, त्याने बटण दाबलं. सूर खाली आणला, दाबलं. आणखी खाली. मग तिचं बोट चकतीवर तसंच राहिलं. कोण आहे हा माणूस? आपल्या घरातली संध्याकाळ याच्या खिशात कशी आली? डोळा कुणाचा लागलाय हे याला माहीत आहे का? काचेपलीकडे दिवा लागला. त्याने बटण दाबलं होतं. तिने सूर दिलेलाच नव्हता. खूप वेळ शांतता झाली की माणसं असं करतात. नाही ते ऐकू येतं त्यांना. तिने ती नोंद सोडून दिली आणि मान खाली घालून तपासणी पुरी केली. आलेखात चार हजार हर्ट्झच्या उंच सुरापाशी दोन्ही कानांच्या रेघा विहिरीत उतरल्यासारख्या खाली गेल्या होत्या. मशीनच्या आवाजाने खाल्लेला कान असाच दिसतो.

"मशीनवर असताना कानात बोळे घालत जा," ती आलेख त्याच्यापुढे सरकवत म्हणाली. "गेलं ते परत येत नाही. आणि हे जे ऐकता ना, ते कमी आवाजात ऐका."

"ते मुळात कमी आवाजातलंच आहे हो," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. मग कुणी विचारण्याचीच वाट बघत असल्यासारखा सुरू झाला. "रॉक म्हणतात त्याला. पण रॉकवाले भिंती हलवतात आणि हा पठ्ठ्या भिंतीला हातसुद्धा लावत नाही. पलीकडे कुणीतरी झोपलंय असं सगळं वाजवलंय. ड्रमवर चादर टाकलेली कळते. कोण आहे, ठाऊक नाही कुणालाच. वर नुसतं 'भुंगा' लिहिलंय. नऊ गाणी, बस्स. पुढे काही केलं नाही त्याने. मेला असेल, नाहीतर लग्न झालं असेल. आम्ही वीस-पंचवीस जण आहोत ऐकणारे. एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत, फोनवर लिहितो एकमेकांना."

"आणि ती बाई?" तिने विचारलं. आलेखावर तिने उगाचच त्याची जन्मतारीख पुन्हा लिहिली होती.

"ती ओरडते ती? पाचव्या गाण्यातली?" तो खुर्चीतच पुढे सरकला. "तिच्यावरून तर भांडणं होतात आमच्यात! एक म्हणतो बायको आहे, एक म्हणतो आई. मी म्हणतो, बायको ओरडली तर माणूस ते काढून टाकतो. आई ओरडली तर हसतो. यानं ना काढून टाकलं, ना हसलाय. फक्त त्यानंतरची चारही गाणी अजून हळू वाजवलीत. खाष्ट आहे बाई. पण दमलेली वाटते बिचारी. तुम्ही कानवाल्या, तुम्हाला ऐकवू का? पाठवतो, थांबा."

बिचारी. दमलेली. वीस-पंचवीस अनोळखी माणसं तिच्या एका वाक्याचा कीस पाडत बसली होती, आणि तिला पत्ता नव्हता. पत्ता नव्हता कसा म्हणायचा? भुंग्याने या गाण्यांची डिस्क तिच्या हातात दिली होती. अकरा वर्षं ती कपाटात, विजेच्या बिलांच्या फायलीखाली, सेलोफेनसकट पडून होती. भुंगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. रांगत होता तेव्हापासून तोंडाने काहीतरी गुणगुणत असायचा म्हणून बाबांनी पाडलेलं नाव. आई लवकर गेली. बाबा मोजणी खात्यात होते, जमिनी मोजायचे, आणि घरात पोरांना मोजायचे. सकाळी दाढीचा फेस तोंडाला लावून आरशासमोर उभे राहायचे आणि पाढे म्हणायला लावायचे. नुसते नाहीत, सुरात. चुकलं की आरशातूनच भुवई वर जायची. त्या बाबांना झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचाही गेली, तेव्हा भुंगा सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या चौघांच्या बँडची नुकतीच शकलं झाली होती. ती नोकरीत होती, संसार थाटायचा राहून गेला होता तो राहूनच गेला होता, आणि बाबांपाशी दिवसभर कोण बसणार हा प्रश्न तिने एका वाक्यात सोडवला होता: "तू रिकामाच आहेस तर तू बस." रिकामा. तो शब्द त्याने गिळला आणि बसला. बाबांचं अंग पुसायचा, त्यांना कुशीवर वळवायचा, पातळ करून भरवायचा, आणि ते झोपले की मागच्या खोलीत जाऊन आपली वाद्यं काढायचा. ती सहाला घरी यायची. दिवसभर दुसऱ्यांच्या कानांत सूर सोडून तिचे स्वतःचे कान इतके सोलवटलेले असायचे की भांड्याचा आवाजही सोसायचा नाही. बाबा तोवर औषधाच्या गुंगीत असायचे. ती त्यांची चादर सारखी करायची, "काय बाबा, बरं आहे ना?" असं रुग्णाला विचारतात तसं मोठ्याने विचारायची आणि उत्तराची वाट न बघता आत जायची. उत्तर येणार नाही हे तिला माहीत होतं. ते माहीत असणं हा तर तिच्या धंद्याचाच भाग होता.

एकदा भुंगा तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात आला होता. "ताई, बाबा दुपारी पाढे म्हणतात. मी एक ओळ म्हटली की पुढची म्हणतात. शब्द येतात त्यांना!" त्याच्या चेहऱ्यावर सणकून ताप चढल्यासारखी लाली होती. तिने पाण्याची बाटली भरता भरता सांगितलं, "ते बोलणं नसतं रे. पाढे, वारांची नावं, शिव्या, हे सगळं मेंदूत वेगळ्या जागी असतं. आपोआप येतं. त्याला अर्थ नसतो." "एक दिवस दुपारी थांब ना. ऐक तरी." "मी थांबून कसं चालेल?" बाटली भरून वाहायला लागली तेव्हा तिने नळ बंद केला. तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. अजूनही ती शिकाऊ मुलींना हेच शिकवते. पण त्यानंतर भुंग्याने तो विषय तिच्यापाशी काढला नाही, आणि त्याने काढला नाही म्हणून आपण सुटलो असं तिला वाटलं होतं, हे तिला आज, हातातला आलेख चुरगळला आहे हे बघताना, आठवलं.

आणि मग तो मंगळवार. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला, "ताई, ये." बस्स. ती पोचली तेव्हा बाबांचं तोंड दाराकडे वळलेलं होतं आणि भुंगा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. हेडफोन त्याच्या गळ्यात होते आणि त्यांची वायर खाली गुडघ्यापर्यंत लोंबत होती. तिला बाबांचा चेहरा धड आठवत नाही, ती वायर आठवते. काळी, टोकाला पितळी खिळा असलेली. माणसं जमली, मावशी आली, आणि स्वयंपाकघरात मावशीच्या गळ्यात पडून ती म्हणाली, "हा कानात घालून बसला होता गं मागे. ते एकटे गेले. हाक मारली असेल तर कुणी ऐकली?" ती वळली तर भुंगा दारात पाण्याची कळशी घेऊन उभा. त्याने कळशी खाली ठेवली, सांडू न देता, आणि बाहेर गेला. ना तेव्हा काही बोलला, ना पुढे कधी. वर्षभराने डिस्क घेऊन आला. आठ दिवसांनी पुन्हा आला आणि बूट न काढताच दारात उभा राहिला. "ऐकलंस? सगळं?" "ऐकलं ना. छान आहे. शांत आहे." तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो. शांत आहे." पुढे त्याने गिटार कुणाला तरी देऊन टाकली आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. महिन्या-दोन महिन्यांनी येतो, पंख्याखाली बसतो, तुझं कसं, माझं बरं, आणि जातो. लोकांना ती सांगते, आमच्यात कधी वाद नाही.

जेवणाच्या सुट्टीत मुली डबे घेऊन वर गेल्या तेव्हा ती बूथमध्ये शिरली आणि आतून दार ओढून घेतलं. रुग्णाच्या खुर्चीत ती वीस वर्षांत कधी बसली नव्हती. खुर्ची बसकी होती, पाय जमिनीला नको इतके टेकत होते. काचेतून तिची स्वतःची खुर्ची दिसत होती, पाठीवर स्वेटर टाकलेली, रिकामी. तिने फोनला हेडफोन जोडले आणि छापखानेवाल्याने पाठवलेली नऊ गाणी पहिल्यापासून लावली. पहिलं गाणं गाणं वाटेचना. नुसती एक खोली ऐकू येत होती: पंख्याची टिकटिक, लांब कुठेतरी मोटार मागे घेतल्याचा आवाज, आणि मग त्या टिकटिकीच्याच लयीत गिटार अशी आत आली, जणू ती मघापासून तिथेच बसलेली होती, आपणच पाहिली नव्हती. ती खोली तिने ओळखली. पावसाने फुगलेल्या खिडकीची करकर ओळखली. भुंग्याचा आवाज गाताना असा लागतो हे तिला माहीत नव्हतं. ओठांजवळ धरून बोललेला, अर्ध्यात श्वास संपणारा. दुसऱ्या गाण्यात तो कुणाला तरी वळवत होता, 'या कुशीवरून त्या कुशीवर', आणि ड्रम चादरीखालून, कुणी छातीत हळू ठोकावं तसा वाजत होता. तिसरं तिला आवडलं नाही. लांबलेलं होतं, पेटीसारखे चार-चार आवाज एकावर एक चढवले होते. पण चौथ्यात तिच्या मानेवर काटा उभा राहिला आणि तो खाली बसेना. त्यात शब्द नव्हते. दुपारचे चार वाजल्याचं त्या घरात जे एक ओझं असायचं, ज्याच्यापासून ती रोज सकाळी साडेआठला पळून जात होती, ते होतं. हा माणूस दोन वर्षं रोज त्याच्याखाली बसला होता आणि त्याने ते सूर लावून मोजलं होतं. मग पाचवं. गाणं चांगलं उंचावत चाललं होतं, पहिल्यांदाच भुंग्याने गळा मोकळा सोडला होता, आणि दार उघडलं. "अरे बंद कर ना ते!" हेडफोनमधून तो आवाज दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्याच्या आतच फुटला. छापखानेवाला खरं बोलला होता. ती बाई दमलेली होती. पण तिला आणखीही काही ऐकू आलं, ते त्या पंचवीस जणांना ऐकू येणार नव्हतं. ती बाई बाबांच्या झोपेसाठी ओरडत नव्हती. तिला त्या घरात कुणीतरी आनंदात आहे हे सहन झालं नव्हतं.

नववं गाणं तिने बसून ऐकलं नाही, उभं राहून ऐकलं. केव्हा उठली ते कळलं नाही. सुरुवातीला भुंगा एकटाच, अगदी हळू, "तेरा एके तेरा." आणि मग बाबा. सुरात. घोगरा, लाळेत भिजलेला, पण सूर अगदी जागच्या जागी. "तेर दुणे सव्वीस." गिटारचा एकेक थेंब खाली पडत होता. "तेर त्रिक," भुंगा म्हणाला. "एकोणचाळीस." "तेर चोक." "बावन्न." आपोआप येतं, तिने स्वतःला सांगितलं. वेगळ्या जागी असतं. पुढे भुंग्याने "तेर पंचे" म्हटलं आणि उत्तर आलं नाही. श्वास ऐकू येत होता. मग बाबांनी, सुरात नाही, साध्या आवाजात विचारलं, "आली?"

"नाही, बाबा," भुंगा म्हणाला. "सहाला येईल."

थोडा वेळ पंखा. मग, "पासष्ट." आणि गाणं पुढे चालू झालं.

ते आपोआप नव्हतं. तेवढं तिला शास्त्रच सांगत होतं. प्रश्न आपोआप येत नाही. प्रश्नाला समोर कुणीतरी लागतं, नाहीतर कुणीतरी नसावं लागतं. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही, असा पुरा प्रश्न बाबांनी विचारला होता. एकदा का रोज, कोण जाणे. आणि रोज सहाला ती आली होती, चादर सारखी करून आत गेली होती. काचेपलीकडे एक शिकाऊ मुलगी डबा धरून, तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होती. काहीतरी विचारत होती. बूथमध्ये बाहेरचं ऐकू येत नाही.

तिने भुंग्याला फोन केला. दिवसाढवळ्या फोन म्हणजे त्यांच्यात एकच अर्थ. "काय झालं? कोण गेलं?" त्याने विचारलं. "कुणी नाही. कुठे आहेस?" त्याने एका इमारतीचं नाव सांगितलं, दोन चौक पलीकडची. दुपारच्या वेळा कुणाला तरी सांभाळायला सांगून ती चालत गेली. लिफ्ट बंद होती, दारावर पाटी लावलेली. तो सहाव्या मजल्यावर होता. लिफ्टची दारं फाकलेली, आत अंधारी पोकळी, आणि तो जिन्याच्या पायरीवर अवजारांची पेटी उघडून बसला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. केव्हा झाले?

"ऐकलं मी," ती म्हणाली. धाप लागली होती. "आज. आज पहिल्यांदा ऐकलं."

तो फडक्याने पाना पुसत राहिला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तेव्हा ऐकलं नव्हतंस ते. त्या घरात राहिलेला माणूस त्याला शांत म्हणेल का गं?" आवाज चढला नव्हता. "शेवटचं तुझ्यासाठी ठेवलं होतं मी. तोंडाने सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्याला अर्थ नसतो. म्हटलं, ऐकेल तेव्हा ऐकेल. मग तू म्हणालीस, छान आहे. मग म्हटलं, राहू दे."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. येताना तिने एक वाक्य तयार करून आणलं होतं. "भुंग्या, त्या दिवशी मी मावशीला जे बोलले ना, ते चुकीचं होतं. तू त्यांच्यापाशीच होतास. मला कळलं आता. तू त्यांचं रेकॉर्ड करत होतास—"

"नाही," तो म्हणाला. "मागच्या खोलीत होतो. तू बरोबर बोललीस. कानात घालून बसलो होतो." पाना पेटीत ठेवला, पुन्हा काढला. "त्यांचंच ऐकत होतो. आदल्या दिवशीचं. 'आली' म्हणतात ना, ते मागे नेऊन पुन्हा, मागे नेऊन पुन्हा. आवाज बसवत होतो. बाबा पुढच्या खोलीत गेले आणि मी बाबांचा आवाज ऐकत होतो. खरी हाक मारली असेल तर... तीही त्याच्यातलीच वाटली असेल मला. सांग आता. काय करतेस याचं?"

तिने माफी आणली होती, ती त्याने घेतली नाही. आरोप मागे घ्यायला आली होती, तोही त्याने सोडला नाही. खालून कुणीतरी लिफ्टच्या दारावर थापा मारल्या आणि पोकळीतून तो आवाज वर येत गेला. तिने काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खोटं बोलायची आता भीती वाटत होती म्हणून, म्हटलं, "तिसरं मला नाही आवडलं."

"काय?"

"तिसरं गाणं. लांबलंय. एवढे आवाज कशाला भरलेस? काही कळत नाही."

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. अकरा वर्षांत त्याने तिच्याकडे असं, डोळ्यांत डोळे घालून, भांडायच्या तयारीने बघितलं नव्हतं. "कळत नाही म्हणजे? ते न कळण्यासाठीच आहे! झटका आला तेव्हा त्यांच्या डोक्यात काय झालं असेल ते आहे ते. तू कशावर ऐकलंस? फोनवर? फोनवर खालचे सूर येत नाहीत, एवढंही कळत नाही, आणि म्हणे कान तपासते!"

"चांगल्या हेडफोनवर ऐकलं. तरी लांबलंय."

"लांबलंय तर लांबलंय," तो म्हणाला. हातातलं फडकं त्याने पेटीत फेकलं. मग तो उठला, पट्टा कमरेला आवळला आणि पोकळीत पाय टाकून लिफ्टच्या टपावर उतरला. आता फक्त त्याचं डोकं जमिनीच्या वर होतं. "शनिवारी येतो. माझ्याकडे एकही प्रत नाही. तुझी काढून ठेव. तिसरं नीट ऐकवतो तुला." आणि थोडं थांबून, "शेवटचं लावू नकोस."

"नाही लावणार."

"लावलंस तर मी असताना लाव," तो म्हणाला आणि खाली वाकला.

कठड्याला धरून धरून ती जिना उतरत होती आणि भिंतीपलीकडे, त्या उंच पोकळीत, भुंग्याच्या हातोडीचे ठोके पडत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक म्हातारी दोन जड पिशव्या पायाशी ठेवून पायरीवर टेकली होती. भाता चालावा तशी तिची छाती वरखाली होत होती. "चालू झाली का हो?" म्हातारीने विचारलं.

"वेळ आहे अजून," ती म्हणाली. खाली रस्त्यावर जायला दोनच मजले उरले होते, आणि दवाखान्यात तिची वाट बघणारे आता कुरकुरायला लागले असतील. "कितव्या मजल्यावर राहता?"

"सहाव्या."

तिने दोन्ही पिशव्या उचलल्या आणि पुन्हा वर चढायला लागली.